माशांची सोयरीक : संगमापासून बंधाऱ्यापर्यंत पाच दिवस

दिवस पहिला : पुणे, देहू, लोणावळा

सकाळी साडेसहाला आण्णा आणि मी पुण्यात संगम पुलावर उभे होतो. एका अंगाने मुळा, दुसऱ्या अंगाने मुठा. मे महिन्याचा शेवटचा आठवडा, त्यामुळे पाणी असं फारसं नव्हतंच. काठाला जलपर्णीचा हिरवा थर आणि मधून वाहणारी काळपट धार. आण्णांनी नाकाला रुमाल लावला नाही. कठड्यावर हात ठेवून बराच वेळ खाली बघत राहिले.

आण्णा कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. उभी हयात पाणी अडवण्यात आणि वाटण्यात गेली. मी पुण्यात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, आणि गेली काही वर्षं मला नदीतल्या माशांच्या जनुकांचं वेड लागलंय. सुट्टीत आम्ही कऱ्हाडखालच्या आमच्या गावी हायवेने तीन-चार तासांत पोचतो. या वेळी मी म्हटलं, आण्णा, नदीनदीने जाऊ या. पाच दिवस लागतील. ते लगेच तयार झाले. पण गाडीत बसण्याआधी त्यांनी विचारलं, "सुरुवात इथनं का? इथं तर मासाच न्हाई."

म्हणूनच इथून. १८३९ साली कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णनं छापली. त्यातल्या एका मोठ्या, जाड खवल्यांच्या माशाला त्याने इथल्या लोकांच्या तोंडचंच नाव दिलं : खुद्री. तो मासा त्याला पुण्याजवळ मुळा-मुठेत मिळाला होता. आज जगभर ज्याला दख्खनी महाशीर म्हणतात, त्याचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री. म्हणजे या माशाचं बारसं झालं ते याच पाण्यात. आज शहरातल्या या पात्रात महाशीर शोधायला कुणी येत नाही.

लोक म्हणतात, इथला गेला तर गेला, लोणावळ्याला आहे, कोकणात आहे, जात तर शिल्लक आहे ना? मला सगळ्यात जास्त बोचतं ते हेच वाक्य. जात शिल्लक असणं आणि त्या जातीतली विविधता शिल्लक असणं या दोन निराळ्या गोष्टी. मुळा-मुठेतल्या खुद्रीने इथलं पाणी, इथला उन्हाळा, इथले रोग हजारो पिढ्या सोसले होते. त्यातून त्याच्या जनुकांची जी काही खास रूपं तयार झाली असतील, ती त्याच्याबरोबर गेली. दुसरीकडचा मासा आणून सोडला तर नाव तेच राहील, पण ती रूपं परत येणार नाहीत.

आण्णा शेतकऱ्याच्या घरातले. त्यांना हे बियाण्याच्या भाषेत चटकन कळलं. "म्हंजे मंगळवेढ्याची मालदांडी आपल्या रानात पेरायची आन म्हणायचं, आमच्या आज्याची जोंधळी हीच."

दुपारी देहूला थांबलो. इंद्रायणीच्या डोहात भाविक लाह्या टाकत होते. इथे मासेमारी कुणी करत नाही. गाथेच्या डोहातला मासा कोण मारणार? पण पाणी बिघडलं की श्रद्धेचं कुंपण कामाला येत नाही, आणि इंद्रायणीत मासे मरून वर आल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. एखाद्या डोहातले मासे असे एकाच दिवशी मेले, तर वरून किंवा खालून नवे मासे यायची वाट तरी मोकळी हवी. ती वाट मोकळी आहे का, हेच बघायला आम्ही निघालो होतो. मुक्कामाला लोणावळ्यात.

दिवस दुसरा : वळवण, मुळशी, ताम्हिणी, महाड

वळवणचं धरण शंभर वर्षांहून जुनं. टाटांनी घाटमाथ्यावर तळी बांधली, पाणी नळांतून घाटाखाली खोपोलीला सोडलं आणि १९१५ मध्ये मुंबईला वीज मिळू लागली. इंद्रायणीचं पूर्वेला जाणारं पाणी तेव्हापासून पश्चिमेला उतरतंय. सकाळी तळ्याकाठच्या रस्त्यावर गाडी लावून आम्ही नुसतंच बघत बसलो. पाणी बरंच खाली गेलं होतं आणि काठच्या लाल मातीवर पाणी उतरत गेल्याच्या रेघा दिसत होत्या, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या.

याच तळ्याच्या आधाराने महाशीरचं बीज तयार करण्याचं मोठं काम उभं राहिलं. १९७० च्या सुमारास डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी दख्खनी महाशीरचं कृत्रिम प्रजनन करून दाखवलं आणि पुढे इथल्या मत्स्यबीज केंद्रात एस. एन. ओगले यांच्यासारख्या माणसांनी ते वर्षानुवर्षं चालवलं. पावसाळ्यात तळ्याला मिळणाऱ्या ओढ्यांच्या तोंडाशी महाशीर अंडी घालायला येतात. तिथे पक्व मादी धरायची, पोटावरून हलका हात फिरवून अंडी परातीत काढायची, त्यावर नराचं वीर्य सोडायचं, पिसाने ढवळायचं. रोहू-कटल्याच्या मानाने महाशीरची अंडी थोडी, पण मोठी, पिवळट आणि जड. ती पाण्यात तरंगत नाहीत, तळाला बसतात. अडीच-तीन दिवसांत पिल्लं बाहेर येतात. आधी मत्स्यजिरे, मग बोटुकली. ही बोटुकली कितीतरी राज्यांत गेली.

ज्या काळात नद्यांमध्ये सुरुंग लावून महाशीर मारत होते, त्या काळात या लोकांनी तो मासा राखला. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. एका मादीच्या अंड्यांतून हजारो बोटुकली तयार होतात आणि ती सगळी सख्खी भावंडं असतात. दहा-वीस माद्यांचं बीज दहा नद्यांत सोडलं, तर आकडा लाखात दिसतो, पण त्यामागे आईबाप मोजकेच. मासे किती आहेत यापेक्षा पुढच्या पिढीचे आईबाप किती, हे आम्ही आधी विचारतो. आणि ज्या नदीत हे बीज सोडलं, तिथे आधीपासून कोण राहत होतं, हा त्याच्या पुढचा प्रश्न.

कावेरीचं उदाहरण डोळ्यांत अंजन घालणारं आहे. तिथे पाठीवर वशिंड असलेला, अवाढव्य वाढणारा स्वतःचा महाशीर होता. १९७० च्या दशकापासून तिथे निळ्या परांचा दख्खनी महाशीर सोडला गेला. सोडणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, मासा वाढावा एवढाच. काही दशकांनी गळाला लागणाऱ्या माशांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा निळ्या परांचा वाढत गेलेला आणि वशिंडाचा जवळजवळ नाहीसा झालेला दिसला. वशिंडवाल्याची शास्त्रीय ओळख टॉर रेमादेवी अशी पक्की व्हायला २०१८ साल उजाडलं, आणि त्याच सुमारास त्याचं नाव अतिसंकटग्रस्त यादीत गेलं. इतकी वर्षं ज्याला गळकऱ्यांनी जगभर नावाजलं, त्याला शास्त्राने नाव देईपर्यंत तो संपत आला होता. इकडे आपला खुद्री, जो आधी संकटग्रस्त यादीत होता, तो आता चिंता नसलेल्या यादीत आहे. यादी माशाच्या जातीची असते. मुळा-मुठेचा खुद्री, इंद्रायणीचा खुद्री, कोयनेचा खुद्री असे रकाने तिच्यात नसतात.

लोणावळ्याहून भांबर्ड्याच्या रस्त्याने ताम्हिणीला निघालो. वाटेत आण्णांनी मनातल्या मनात एक हिशोब मांडला होता, तो मुळशीचं पाणी दिसल्यावर बोलून दाखवला. वळवणचा मासा पाण्यापाण्याने आमच्या गावी यायचा म्हटला तर कसा येईल? "इंद्रायणीनं तुळापूरला भीमेत. भीमेनं खाली, तर उजनी आडवी. ती वलांडली तर पार रायचूरकडं कृष्णेत. मग कृष्णेनं उलटं वर यायचं, तर नारायणपूर, अलमट्टी. त्याच्यावर आमचे बंधारे." बोटं मोडत मोजत होते. मग म्हणाले, "एकेकाळी ही सगळी एकच भावकी व्हती की गं."

भावकी नव्हे आण्णा, सोयरीक, मी म्हटलं. भावकीतच लग्नं लावायची वेळ आली ती धरणांनंतर.

मुळशीचं धरण मुळेवर आहे, म्हणजे काल संगमावर पाहिली तीच नदी. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. जमिनी वाचल्या नाहीत. माणसांचं विस्थापन इतिहासात नोंदलं गेलं. भिंतीच्या वर अडकलेले मासे आणि खाली राहिलेले मासे यांच्या ताटातुटीला आता शंभर वर्षं झाली आणि तिची नोंद फक्त त्यांच्या डीएनएत असू शकते. ती काढणं अवघड नसतं. शेपटीच्या पराचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा कात्रीने घ्यायचा, अल्कोहोलच्या कुपीत टाकायचा, मासा परत सोडायचा. पर पुन्हा वाढतो. त्या तुकड्यावरून कळतं की वरच्या आणि खालच्या माशांत जनुकांची किती रूपं सामायिक आहेत आणि किती हरवली आहेत. जगात जिथे जिथे असं तपासलं गेलंय, तिथे एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. भिंतीच्या वर अडकलेल्या, लहान तुकड्यात राहिलेल्या माशांची विविधता सहसा कमी होत जाते. कारण साधं आहे. पुरात सांडव्यावरून मासा खाली पडू शकतो, पण वर चढू शकत नाही. सोयरीक एकतर्फी होते : लेकी जातात, सुना येत नाहीत.

ताम्हिणी उतरून माणगावमार्गे महाडला पोचेस्तोवर अंधार झाला. वळीव आला आणि वीज गेली. लॉजच्या खोलीत मेणबत्ती लावून बसलो. आण्णा म्हणाले, "हरवली म्हंजे काय, कुणी काढून नेली? मासं तर तितकंच हायती." हा प्रश्न मला दरवर्षी वर्गात येतो. खाली किराणा दुकान उघडं होतं. मूग, मटकी, चवळी, हुलगे, हरभरे असे पाच पुडे आणले. वाडग्यात प्रत्येकाचे दहा-दहा दाणे घातले. पन्नास दाणे, पाच रंग. आण्णांना सांगितलं, डोळे मिटून दहा दाणे काढा. हे दहा आईबाप. बाकीचे बाजूला. आता प्रत्येक दाण्याचे पाच करून वाडगा पुन्हा पन्नासाचा करायचा. ही झाली एक पिढी. पुन्हा डोळे मिटा.

पहिल्या खेपेला चवळीचा एकच दाणा आला, हरभऱ्याचे चार. दुसऱ्या खेपेला चवळी आलीच नाही. "गेली," आण्णा म्हणाले. चौथ्या खेपेला मूग गेले. सहाव्याला हरभरे. हरभऱ्यांचं त्यांना आश्चर्य वाटलं, कारण पहिल्या खेपेला तेच चांगले चार आले होते. आठव्या खेपेला वाडग्यात फक्त मटकी आणि हुलगे उरले होते. दाणे पन्नासच्या पन्नास. कुणी काही काढून नेलं नव्हतं, कुणी कुणाला खाल्लं नव्हतं. थोडे आईबाप आणि निव्वळ योगायोग, इतकंच. शास्त्रात याला जेनेटिक ड्रिफ्ट म्हणतात.

त्याचं गणितही सोपं आहे. प्रजननात खऱ्या अर्थाने भाग घेणारे मासे पन्नास धरले, तर दर पिढीला विविधतेचा सुमारे एक टक्का गळतो. पंचवीस धरले, तर दोन टक्के. दोन टक्क्यांनी दहा पिढ्यांत जवळजवळ अठरा टक्के गेले. महाशीरची एक पिढी चार-पाच वर्षांची धरली, तर दहा पिढ्या म्हणजे चाळीस-पन्नास वर्षं, एका धरणाच्या आयुष्यापेक्षा कमी.

मग मी दुसरा खेळ मांडला. तेच पन्नास दाणे, तसेच दहा काढायचे, पण दर खेपेला शेजारच्या ताटलीतला कुठलाही एक दाणा वाडग्यात टाकायचा. त्या ताटलीत पाचही रंग. फक्त एक दाणा, शेजारच्या डोहातून आलेला एक मासा. आठ खेपा झाल्या, दहा झाल्या. रंग कमी-जास्त होत राहिले, चवळी एकदा गेली आणि तीन खेपांनी परत आली. पण वाडगा दोन रंगांवर आला नाही. पिढीला एक पाहुणा आला तरी पुष्कळ काम होतं, हा लोकसंख्या-जनुकशास्त्रातला जुना ठोकताळा आहे.

वीज आली. आण्णांनी दाणे पुड्यांत भरले नाहीत. मुगाचा एक दाणा बोटांत धरून फिरवत होते.

"येक पुरतो?"

कमीत कमी एक, मी म्हटलं. आणि तो येऊन नुसता राहून उपयोग नाही. त्याची पिल्लं व्हायला हवीत.

दिवस तिसरा : वाळण कोंड, आंबेनळी

बिरवाडीवरून वाळणला जायला सकाळ बरी. काळ नदीतला हा खोल कोंड, वर झुलता पूल, काठाला वरदायिनी देवी. काळ पुढे सावित्रीला मिळते. कोंडातले महाशीर देवीचे, म्हणून त्यांना कुणी हात लावत नाही. काठावर एक आजी कुरमुरे विकत होत्या. दहा रुपयांची पिशवी घेतली. पहिली मूठ टाकली आणि पाणी काळं झालं.

खालून एकेक पाठ वर येत गेली. आधी हातभर लांबीचे, मग त्यांना बाजूला सारत मोठे. पाठ शेवाळी काळी, कुशीवर तांब्याच्या रंगाचे खवले, एकेक खवला रुपयाच्या नाण्याएवढा, कडा अशा स्पष्ट की मोजता यावेत. जाड ओठ, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या. तोंड पुढे काढून कुरमुरा ओढून घेताना चुटकी वाजवल्यासारखा आवाज येतो. एकाच्या शेपटीचा वरचा पर अर्धा फाटलेला होता. तो दर वेळी थोडा उशिरा पोचायचा आणि तरी दर वेळी यायचा. मी त्या एकाकडेच पाव तास बघत बसले. ज्या माशाचा तांदळाएवढा तुकडा घ्यायला मी परवानग्यांचे कागद गोळा करते, तो इथे माझ्या हातापासून दोन फुटांवर होता. पण हा देवीचा मासा, इथे कात्री काढायची नाही. ते मला पूर्ण मान्य आहे. कायदे लिहिले जाण्याच्या आधीपासून या कोंडाने मासा राखलाय.

आजींना विचारलं, हे पावसात कुठे जातात?

"वर जातात ना बाय. वलगण झाली का कोंडात दिसायचे नाय. मग पानी उतारला का परत येतात. घर हाय ना त्यांचा."

वलगण. पहिल्या मोठ्या पावसाने ओढे फुगले की मासे प्रवाहाच्या उलट चढतात, ओढ्यानाल्यांतून, भातखाचरांपर्यंत, अंडी घालायला. आमच्याकडे घाटावर यालाच चढणीचे मासे म्हणतात. वर्षात हे थोडेच दिवस असे, की एका डोहातला मासा दुसऱ्या डोहातल्या माशाला भेटतो. आण्णांनी काल टाकलेला तो शेजारच्या ताटलीतला दाणा याच दिवसांत पडतो. आणि याच दिवसांत लोक ओढ्यांना आडवी जाळी लावून गाभोळीने भरलेल्या माद्या टोपलीभर धरतात, हेही मला इथे लिहायला हवं. चढणीचा मासा खायला चांगला लागतो, मी लहानपणी खाल्लाय. आता खात नाही.

देवाचे डोह महाराष्ट्रात आणखीही आहेत. वाड्याजवळ तिळसे इथे वैतरणेत तिळसेश्वराच्या पायाशी असेच महाशीर आहेत, आणि त्याच वैतरणेवर वरच्या अंगाला मुंबईला पाणी देणारी मोडकसागर, मध्य वैतरणा ही धरणं आहेत. डोह राखला, पण डोहाकडे येणारी-जाणारी नदी तुटली, तर देवाचा डोहसुद्धा हळूहळू वाडग्यासारखा होत जातो. मासे पन्नासच्या पन्नास दिसत राहतात. भाविक खूश असतात. रंग मात्र आतल्या आत कमी होतात, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. एखादा नवा रोग आला, पाण्याची ऊब वाढली, की त्या वेळी लागणारं रूप वाडग्यात असतं किंवा नसतं.

निघताना आण्णांनी उरलेले कुरमुरे टाकले नाहीत. पिशवी आजींना परत दिली, म्हणाले, "पुढच्या माणसाला द्या." संध्याकाळी पोलादपूरवरून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर.

दिवस चौथा : क्षेत्र महाबळेश्वर, पाटण

पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पाणी पडतं. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री. पाणी ओंजळीत घेऊन आण्णांनी डोळ्यांना लावलं. मी विचार करत होते की काल पाहिलेल्या काळ नदीचं पाणी ज्या सावित्रीला मिळतं ती इथून पश्चिमेला कोसळते, आणि आमच्या गावची कृष्णा इथूनच पूर्वेला निघते. दोघींच्या मुळांत चालत जाण्याएवढं अंतर. माशासाठी मात्र ही सह्याद्रीची धार लाखो वर्षांची भिंत आहे.

मग दोन्हीकडे महाशीर कसे? क्वचित कधीतरी पश्चिमेची नदी डोंगर मागे खात खात पूर्वेच्या नदीचा माथाच पळवते. भूगोलात याला नदीचौर्य म्हणतात. त्या पाण्याबरोबर मासेही इकडचे तिकडे होतात, आणि मग पुन्हा लाखो वर्षं वेगळे राहतात. वेगळे राहता राहता वेगळे होतात. पश्चिम घाटात इतक्या जातींचे गोड्या पाण्यातले मासे आहेत, त्यातले कितीतरी जगात दुसरीकडे कुठेच नाहीत, त्यामागे अशा जुन्या भिंतीही आहेत.

तेव्हा भिंत वाईट, असं सरसकट नाही. सह्याद्रीने मोठमोठे समूह सावकाश वेगळे केले आणि त्यातून नवं घडलं. धरणाने नदीचे तुकडे केले, पन्नास-साठ वर्षांत, आणि तुकडे इतके लहान की त्यात नवं घडण्याआधी असलेलं गळून जातं. आणि आपण करतो नेमकं उलट. जिथे सह्याद्रीने भिंत घातली, तिथे गाडीतून बोटुकली नेऊन दोन्ही बाजू एक करतो. जिथे नदी एक होती, तिथे भिंत बांधून तिचे तुकडे करतो. मला जे सांगायचंय ते एवढंच आहे, आणि ते सांगायला मला या गोमुखापेक्षा चांगली जागा मिळणार नाही.

आण्णा ऐकत होते. मग म्हणाले, "कृष्णेवर धोम, वेण्णेवर कण्हेर, कोयनेवर कोयना. हितनं पूर्वेला ज्या ज्या निघाल्या त्या समद्या अडवल्या." थोडं थांबून, "पण अडवल्या न्हाईत तर तुझ्या शाळेची फी कशातनं भरली असती? उसातनंच की."

मी काही बोलले नाही. ते खरंच आहे. आमच्या घरातला प्रत्येक घास त्या पाण्याचा आहे, आणि मी धरणं पाडा म्हणायला निघालेले नाही.

दुपारी सातारा, उंब्रजमार्गे पाटण, आणि तिथून कोयनेची भिंत लांबून पाहून परत. १०३ मीटर उंची, शंभर टीएमसीच्या पलीकडचा साठा, आणि त्यातलं ६७.५ टीएमसी पाणी वीज करून पश्चिमेला वाशिष्ठीत सोडायची मुभा. एवढ्या उंचीला माशांची शिडी बांधून भागत नाही. तिथे दुसरा उपाय लागतो : भिंतीच्या वरचे आणि खालचे मासे आधी जनुकांनी ओळखायचे, आणि खरोखर एकाच समूहाचे तुकडे असतील तर पिढीला चार-दोन मासे हातांनी इकडचे तिकडे न्यायचे. बीजकेंद्रातली लाखभर भावंडं सोडण्यापेक्षा हे स्वस्त आहे. त्याचा समारंभ होत नाही, म्हणून ते मागे पडत असावं, असं मला वाटतं.

दिवस पाचवा : कऱ्हाड आणि गाव

प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात, कुशीत शिरल्यासारख्या. पहाटे तिथे बसलो. यशवंतराव चव्हाणांच्या समाधीजवळ फिरायला येणाऱ्यांची गर्दी होती. एक भोई आजोबा गुडघाभर पाण्यात उभे राहून जाळं धूत होते. जाळ्यात बहुतेक तिलापिया, बाहेरून आलेला. महाशीर मिळतो का विचारलं तर हसले. "माझ्या बापाला घावायचा. मला दोनदा."

इथून वर थोड्या अंतरावर खोडशीचा ब्रिटिश काळातला दगडी बंधारा, जिथून कृष्णा कालवा निघतो. खाली एकामागून एक कोल्हापुरी बंधारे. आण्णांनी नोकरीतली कितीतरी वर्षं यातल्याच काहींवर काढली.

आमच्या गावाखालच्या बंधाऱ्यावर पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. बरगे काढायचं काम चालू होतं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते : नदीत ओळीने दगडी खांब, दोन खांबांमधली जागा म्हणजे गाळा. पावसाळा संपला की प्रत्येक गाळ्यात एकावर एक बरगे सोडून पाणी अडवतात. पूर्वी हे बरगे लाकडी असत, दोन रांगा लावून मधे चिखल ठासायचा. आता लोखंडी. पावसाळ्याच्या तोंडावर ते काढून घेतात, नाहीतर पुराचा जोर बंधारा घेऊन जाईल. म्हणजे हा अडथळा वर्षातले सात-आठ महिने असतो आणि नेमका चढणीच्या दिवसांत नसतो. बांधणाऱ्याच्या मनात मासा नव्हता, पण माशाच्या वाटेला हा बंधारा धरणासारखा आला नाही. मात्र बरगे वेळेवर निघाले तरच. पाऊस लवकर आला आणि बरगे तसेच राहिले, तर चढणीचा मासा त्या लोखंडावर डोकं आपटत राहतो. आण्णांनी ते पाहिलंय. त्यांनी ते मला या बंधाऱ्यावर पहिल्यांदाच सांगितलं.

"एका साली आम्हाला दोन दिस उशीर झाला. सकाळी आलो तर बरग्याखाली पांढरं. मला वाटलं फेस हाय. मासं व्हतं. उड्या मारून मारून पडल्यालं. तवा म्या म्हणलं, मासंच की ते, जातील कुठंबी." त्यांनी खिशात हात घातला. महाडचा मुगाचा दाणा अजून तिथेच होता. "येकबी वर गेला नसंल त्या साली."

तीन गाळे मोकळे झाले होते. चौथ्यात वरचे चार बरगे निघाले आणि पाचवा अडकला. चार माणसं, साखळी, कप्पी. लोखंड गंजून खाचेत बसलं होतं. मोकळ्या गाळ्यांतून पाणी घोंघावत खाली पडत होतं आणि त्याच्या पायथ्याशी, जिथे धार शांत होते तिथे, बोटभर मासे प्रवाहाकडे तोंड करून एका जागी थरथरत उभे होते. शंभर असतील, जास्तही.

आण्णांनी चपला काढल्या, धोतर खोचलं आणि खांबावरून पुढे गेले. कामावरचा पोरगा म्हणाला, "आजोबा, तुम्ही नका येऊ, निसरडं हाय." आण्णा म्हणाले, "डाव्या खाचेत पहार घाल. उजवीकडनं वढू नका, तो डावीकडंच अडकतो. वीस वरसं ठावं हाय मला."

पोराने पहार आणायला गड्याला पाठवलं. मी मोकळ्या गाळ्याखालचे मासे मोजायला बसले.